पौर्णिमेला न दिसणारा खड्डा

चंद्र बघायचा तर पौर्णिमेला, असं आमच्या अख्ख्या बुलडाणा जिल्ह्याला वाटतं, आणि अख्खा जिल्हा चुकतो. पौर्णिमेचा चंद्र खीर खाताना डोक्यावर असावा एवढ्यापुरता ठीक. दुर्बिणीतून बघाल तर घासून पालथं घातलेलं पातेलं. ना उंच कळत, ना खोल. ऊन माथ्यावर असलं की नांगरलेलं शेतही सपाट वाटतं आणि ऊन तिरपं झालं की ढेकूळ न् ढेकूळ मोजून घ्यावं, चंद्रावरही तेच. खरा चंद्र बघावा अष्टमीला, अर्धा असताना, उजेड आणि अंधार भेटतात त्या रेघेजवळ. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी माझ्या बापाला चंद्र दाखवला तो पौर्णिमेला, आणि मुद्दाम. ते सांगायचं तर आधी खड्डा सांगावा लागेल.

मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे, चिखलीला. लोक तोंडावर मोजणीवाली बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते कोणाची जमीन कमी भरली त्यावर अवलंबून. पन्नाशी झाली तेव्हा स्वतःसाठी एक दुर्बीण घेतली. सासरचे म्हणाले, बाया बांगड्या घेतात, हिनं नळी घेतली. म्हणू द्या. दिवसभर लोकांच्या हद्दी मोजून आल्यावर जिथे कोणी शिव्या द्यायला उभा नाही असा एखादा मुलूख बघावा, एवढीच माझी इच्छा होती.

बाहेरगावी बुलडाण्याची म्हटलं की लोक लगेच लोणार काढतात. आमचे साहेबसुद्धा म्हणाले, "घरच्या घरी एवढं मोठं विवर असताना चंद्रावरचं कशाला?" आता काय सांगावं! लोणार अजून तरुण आहे. काठ शाबूत, आकार गोल, फोटोला बरं. मला आवडला तो चंद्राच्या दक्षिणेकडचा एक म्हातारा. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे नंतर ओतलेल्या लाव्ह्याची मैदानं. दक्षिणेचा पांढुरका, उंचवट्याचा भाग त्याहून जुना, आणि तिथे खड्ड्यावर खड्डा, खड्ड्यात खड्डा. त्या गर्दीत हा. पुस्तकात त्याला कुठल्याशा साहेबाचं नाव दिलेलं आहे, ते माझ्या जिभेला वळत नाही. म्हणून मी त्याला 'पडीत' म्हणते. सातबारावर पीक नसलेल्या जमिनीपुढे लिहितात, ते पडीत.

आमच्या वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा म्हटला की भांडण आलंच. शेजारी दरसाल वखरताना अर्धा हात इकडे सरकतो, धुरा दरसाल बारीक होतो, आणि दहा वर्षांनी दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहून एकमेकांचं खानदान काढतात. आता चंद्रावर ना पाऊस, ना वारा, ना वखर. म्हटलं, तिथले धुरे तरी जागेवर असतील. कसले जागेवर! ह्या पडीतच्या उत्तरेला एक नवा खड्डा सरळ धुऱ्यावर येऊन बसलाय, हद्दीत घुसून. पश्चिमेचा धुरा झिजून नुसता वळ उरलाय. आजूबाजूला काहीही आदळलं की त्याचे दगड ह्याच्या अंगावर, ह्याच्या वावरात. मधली जमीन बुजून सपाट झालेली, चार बारके खड्डे सोडले तर काही नाही. आणि दक्षिणेला धुऱ्याला खांड पडलेली. खांड म्हणजे धुरा फुटून पडलेली वाट, बैलगाडी जाईल अशी. पाऊस-वाऱ्यानं नाही, शेजाऱ्यांनी झिजवलेला खड्डा. माझ्या नोकरीतलं नेहमीचंच प्रकरण, फरक इतकाच की अजून कोणी अर्ज केलेला नाही.

मी त्याचा नकाशा काढायला घेतला. मोजणीच्याच कागदावर, मोजणीच्याच पेन्सिलीनं. दर अष्टमीला गच्चीवर जायचं आणि एखादी बाजू काढायची. ढग आले की महिना गेला, भाच्याचं लग्न आलं की आणखी एक गेला. दीड वर्षात नकाशा झाला आणि मी तो दाखवायला धामणगाव बढ्याला बाबांकडे घेऊन गेले. दुसऱ्या कोणाला दाखवणार? मोजणीतलं कळणारं आमच्या घरात तेवढं एकच माणूस.

बाबा माझ्याच खात्यात चेनमन होते. म्हणजे साखळी ओढणारे, झेंड्या रोवणारे, साहेबाची पेटी डोक्यावर घेणारे. ज्या खात्यात बापानं साखळी ओढली त्यात पोरगी मोजणी करायला लागली, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते मला टोमणे मारून दाखवत. त्यांची नजर म्हणजे नजर होती. डावा डोळा मिटायचा, उजवा झेंडीवर, आणि शेताच्या त्या टोकाच्या माणसाला ओरडून सांगायचं, "डावीकडं घे. अजून. अजून. हां, मर तिथंच!" साहेबाची मशीन ढळली तर साहेबाआधी ह्यांना कळायचं. नकाशावर सही साहेबाची असे आणि रेघ बाबांच्या डोळ्याची.

त्या डोळ्याला मोतीबिंदू झाला होता. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण माणूस पडला तरी नाक वर. मग एका सकाळी त्यांनी विजेच्या खांबाला जय भीम घातला. खांबावर कोणीतरी शर्ट वाळत टाकला होता. खांब काही बोलेना, तेव्हा हे चिडले, "माजला काय बे? जय भीम घालून राह्यलो तं तोंड फिरवते!" मायनं दारातून हे बघितलं आणि मला फोन केला. मी त्यांना ओढत बुलडाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा पूर्ण पिकलाय, त्यात फक्त उजेड आणि अंधार कळत असेल. डावा त्याच्या मागोमाग निघालाय. पिकलेला मोतीबिंदू ठेवून दिला तर आतला दाब वाढतो, मागची नस सुकते, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. पावसाळ्याआधी करून टाका.

बाबा तिथून उठले ते सरळ बसस्टँडवर. "डोळा माहं हत्यार हाय," म्हणाले. "त्यात कोणाले सुई खुपसू देत नाही मी. मले सगळं दिसते." आम्ही सगळे उपाय केले. मायनं दोन दिवस अबोला धरला, त्याचा त्यांना उलट आराम वाटला. मी रागावले, रडले, रजा टाकून जाऊन बसले. माणूस घाबरला होता हो, दुसरं काही नाही. पण घाबरलो म्हणायला लागते ती हिंमत त्यांच्यात नव्हती. आणि नजर गेल्यावर त्या माणसात टोमण्यांशिवाय काय उरणार होतं?

तर चैत्रात मी नकाशा घेऊन गेले. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा कुठं ठेवला काय माहीत," म्हणाले. "तूच सांग वाचून." चष्मा नाकावरच होता. मी नकाशा वाचून दाखवला. उत्तरेचा घुसखोर, पश्चिमेचा झिजलेला धुरा, मधलं पडीत, दक्षिणेची एक खांड. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मोजणी ऐकताना त्यांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा.

"दाखव मले तुहा खड्डा," ते म्हणाले.

"आणि नाही दिसला तर?"

"काऊन नाही दिसणार?"

"नाही दिसला तर ऑपरेशन. बोला."

"अन् दिसला तं ऑपरेशनचं नाव काढाचं नाही. तू बी नाही, तुही माय बी नाही." त्यांनी बोटानं मायकडे दाखवलं. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "बुद्ध पौर्णिमेले ये. विहारात सगळे असतात. सगळ्याईच्या समोर दाखव. पौर्णिमेले चंद्र कसा पुरा दिसते."

आता बघा, इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, पौर्णिमेला तो खड्डा कोणालाच दिसत नाही. झिजलेल्या खड्ड्याला सावली लागते, तिरपं ऊन लागतं. पौर्णिमेला तो आहे की नाही हेसुद्धा मला, नकाशा काढणारीला, सांगता येत नाही. हे मी बोलले नाही. मनात म्हटलं, बरंच झालं की! ह्यांना दिसणार नाही, पैज हरतील, आणि सगळ्या गावासमोर हरले की शब्द फिरवता येणार नाही. आयुष्यभर लोकांना खरी हद्द दाखवत फिरणारी बाई मी, आणि स्वतःच्या बापासाठी खुंटी उपटून भलतीकडे रोवली. वर मला त्याचं कौतुक वाटत होतं. "चालेल," मी म्हणाले.

वैशाखातली पौर्णिमा. दिवसभर अंगाची लाही झालेली, संध्याकाळी जरा वारं सुटलेलं. विहारात वंदना झाली, अंगणात खिरीची रांग लागली, आणि माइकवर घोषणा झाली की आपल्या ताई सर्वांना चंद्रावरील खड्डा दाखवणार आहेत, तरी खीर घेऊन झालेल्यांनी डाव्या बाजूनं यावे. अर्धी माणसं खिरीचा द्रोण घेऊनच आली. मी पायऱ्यांपाशी दुर्बीण लावली, चंद्र धरला, नळी पडीतच्या जागेवर नेली. पांढरं. नुसतं पांढरं, डोळ्यात पाणी येईल असं. मी खूश झाले.

मान म्हणून पहिला नंबर बाबांचा. इस्त्रीचा शर्ट घालून आले, वाकले, डावा डोळा मिटला आणि उजवा नळीला लावला. उजवा! डॉक्टर म्हणाले होते त्यात फक्त उजेड आणि अंधार कळतो, तो. सवयीनं लावला असेल, नोकरीभर ओळ त्याच डोळ्यानं बघितली होती. मी जवळच उभी होते. आता ते म्हणतील, नाही दिसत. मग मी म्हणेन, चला.

"हाव!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "दिसला! साफ दिसला!"

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"उत्तरेकून दुसरा त्याच्या हद्दीत घुसला. पश्चिमेचा धुरा पार झिजला. मंधात सारं पडीत हाय. अन् खाली, दक्षिणेले, एक खांड. एकच." ते सरळ झाले आणि अंगणाकडे वळून म्हणाले, "या रे, पाहा रे! धुरा कोराचं काम तिथं बी चालू हाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेनमनची नजर हाय, उगीच नाही, असं कोणीतरी म्हणालं. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, ते माझ्या बापानं त्या दिवशी करून दाखवलं. आणि मग जे झालं ते मी आजही आठवून हसते, आणि हसू संपलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रांगेतल्या प्रत्येकाला खड्डा दिसला. पहिला म्हणाला, "हाव, खांड हाय." दुसऱ्याला खांड तर दिसलीच, खांडीतून वाहणारं पाणीही दिसलं. तिसऱ्याला पाण्याशेजारी विहीर दिसली. एका रिटायर गुरुजींनी "स्पष्ट, अगदी स्पष्ट" असा शेरा दिला. चेनमनला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, असं गावासमोर कोण म्हणणार? गाव म्हणजे एकमेकांचे मोतीबिंदू झाकणारी माणसं, दुसरं काय!

मग मायची पाळी आली. पदर खोचून ती वाकली, बराच वेळ बघत राहिली. मागचे चुळबुळ करायला लागले.

"मले तं काहीच नाही दिसत," ती म्हणाली. "नुसतं पांढरं हाय."

अंगण हसलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते बाबा. "हिचेच डोळे तपासा लागते! मले म्हणते ऑपरेशन कर!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बोलणार काय? तो खड्डा आज कोणालाच दिसत नाही, म्हणजे बाबा खोटं बोलले, तुम्ही सगळे खोटं बोलताय, आणि मी हे आधीपासून जाणत होते, म्हणजे मी बापाला फसवायला आले होते? झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर अख्ख्या गावाच्या मुठी होत्या. मी तोंड मिटलं आणि पुढच्या माणसाला चंद्र धरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलू असं ठरवून झोपले. सकाळी बाबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्राची चतुःसीमा सांगत होते. एवढे खुशीत मी त्यांना रिटायर झाल्यापासून बघितलं नव्हतं. माझी जीभ उचलेना. चिखलीची बस धरून निघून आले. पुढे पेरण्या आल्या, पेरण्यांआधी हद्द कायम करून घेणाऱ्यांची झुंबड आली, आणि प्रत्येक रविवारी मी पुढच्या रविवारी सांगायचं ठरवत गेले. शब्द दिला होता ना, ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. तो शब्द मला सोयीचा झाला होता, हे खरं. मला आजही त्याची लाज वाटते.

पोळा झाला आणि मायचा फोन आला. "डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लाव."

"बाबा तयार झाले?"

"त्याईचा नाही. माहा लाव."

"तुला काय झालं? तू सुईत दोरा ओवते."

"मले चंद्रावरचा खड्डा दिसला नाही," माय म्हणाली. "साऱ्या गावाले दिसला. मंग माहे डोळे गेले असतीन. हेच म्हणले होते विहारात, हिचे डोळे तपासा. आता मले एकटीले बसमधून पाठवते काय हा माणूस? म्हणलं, घेऊन चला."

बाबांचा टोमणा तिनं चार महिने पदरात बांधून ठेवला होता आणि वेळेवर सोडला. स्वतःच माइकला ऐकू जाईल अशा आवाजात बोललेलं वाक्य. नाही कसं म्हणणार? बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला डोळे दाखवायला म्हणून बुलडाण्याला आले.

डॉक्टरांनी मायला तपासलं. मायनं तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा अक्षर लावून लावून वाचली. "मावशी, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली," डॉक्टर म्हणाले. "आता काका, तुम्ही बसा."

"मी कायले? मी हिच्यासंगं आलो."

"आलात तर बसा."

बाबा ऐटीत बसले. बाहेर बाकावर बसून त्यांनी दहा-बारा माणसं तक्ता वाचताना ऐकली होती. मोजणीचे आकडे एकदा ऐकून पाठ ठेवणारा माणूस, त्याला तक्ता काय जड! डॉक्टरांनी डावा डोळा झाकला आणि म्हणाले, वाचा. बाबांनी घडाघडा सुरुवात केली. ग, म, ल, त. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरीही. एक चूक नाही. आम्ही सगळे बघत राहिलो.

"काका," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी तक्त्याचा दिवा बंद केलाय."

मायनं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी विहारात जे बोलायला पाहिजे होतं ते एका परक्या माणसानं एका वाक्यात बोलून टाकलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "दुखते काय फार?"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी म्हण आहे. आमच्या घरी देव नाही, त्यामुळे जे काय ते डॉक्टरांनी दिलं, आणि त्यांनी एकच दिला. डावा उत्तम झाला. उजव्याचा मोतीबिंदू निघाला, पण मागची नस दाबानं सुकलेली होती. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, वैशाखात आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित. मी जिन्यात उभी राहून रडले, आणि मग तोंड धुऊन आत गेले, कारण आत बाबा नर्सला तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं लावलंय म्हणून सांगत होते.

दिवाळीनंतरच्या अष्टमीला मी दुर्बीण घेऊन धामणगावला गेले. दिवस मावळताच अंगणात लावली. अर्धा चंद्र वर होता आणि उजेडाच्या रेघेजवळ पडीत असा दिसत होता की धुऱ्याची सावली बोटानं मोजावी.

बाबा वाकले. डावा डोळा मिटला, उजवा लावला. सवय जाते कुठे! बराच वेळ ते हलले नाहीत.

"नाही दिसत," ते म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकले. मग त्यांनी मान जरा सरकवली, उजवा मिटला, डावा लावला. "थांब. सरकला. हां... हां. दिसला." ह्या वेळी आवाज बारीक होता. विहारातला नव्हता. "बाप रे, केवढा झिजला गरीब." मग एकदम, "बाई, तुह्या नकाशात खांडी किती?"

"एक."

"दोन हायेत. एक मोठी, अन् तिच्या बाजूले एक बारकी. पाह्य."

मी बघितलं. दीड वर्ष त्या खड्ड्यावर डोळा ठेवून होते मी. दोन होत्या. दुसरी अगदी बारीक, सावलीत दबलेली, पण होती. एका डोळ्याच्या म्हाताऱ्यानं दोन मिनिटांत माझी मोजणी खोटी पाडली, आणि मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. मी मान वर केली तर बाबा माझ्याकडे बघत होते, हसत नव्हते.

"मी त्या दिवशी एकच सांगतली होती, तुह्या कागदावरची," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मले दिसलं नाही, हे तुले तवाच समजलं."

"हो, बाबा."

"मंग बोलली काऊन नाही?"

आता काय लपवायचं! मी सगळं सांगून टाकलं. की पौर्णिमेला तो कोणालाच दिसत नाही. की मला ते चैत्रातच माहीत होतं. की मी त्यांना हरवायला आले होते, आणि ते जिंकले तर माझी वाचा बसली. की त्या चार महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे आणि तो मला मिटवता येत नाही. बाबा ओट्यावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"खोटी मोजणी केली तू," ते म्हणाले.

"केली."

"अन् मी त्याच्यावर सही केली." त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "जाऊ दे. ओळ पाहाले एकच डोळा लागते. हा नाहीतरी आता मिटाच लागन." मग म्हणाले, "अन् मंग तुही माय? तिले काहीच नाही दिसलं म्हणे, ते?"

"तेवढंच खरं होतं."

बाबांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो! इकडं या. आज दिसते, पाहा."

माय पिठाचे हात पदराला पुसत आली. वाकली, बघितलं. "हाव," म्हणाली. "हाय खड्डा. दोन जागी फुटेल हाय."

"खरं सांगजो वो," बाबा म्हणाले.

मायनं मान वर केली, आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मले कायले खोटं बोला लागते? मले कोणती पैज जिंकाची होती?"

आणि ती तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत निघून गेली. आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो, मोजणीवाले.